चादर धरणारे हात

(छायाचित्र काढायला कॅमेरा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण केवळ कॅमेऱ्याने चित्र होत नाही. त्यासाठी उजेडाची जुळवाजुळव करावी लागते. साधने थोडी असताना ही जुळवाजुळव एका घराने कशी केली, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, उरण तालुक्यातील आमच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. चांगले ऊन असताना या लाँचमध्ये बसलात, तर मान वर करून छताकडे पाहा. छतावर उजेडाच्या लाटा थरथरताना दिसतील. सूर्य तर छताच्या वर असतो. मग हा उजेड छताच्या खालच्या बाजूला कसा पोहोचला? ऊन पाण्यावर पडले आणि पाण्याने ते वर परत पाठवले. यालाच प्रकाशाचे परावर्तन म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'इनइकास' म्हणतो. हा छोटासा नियम ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता एका शब्दाची गंमत पाहा. उर्दूत आपण खोलीला 'कमरा' म्हणतो. 'कमरा' आणि 'कॅमेरा' हे एकाच घरातले शब्द आहेत. लॅटिन भाषेत 'कॅमेरा' म्हणजे खोली. तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि 'कमरा' झाला. छायाचित्राच्या यंत्राला खोलीचे नाव का मिळाले? कारण पहिला कॅमेरा ही खरोखर एक अंधारी खोलीच होती. खोली पूर्ण अंधारी करून एका बाजूला बारीक छिद्र ठेवले, की समोरच्या भिंतीवर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पडते. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेले आणि पुढे कैरो येथे राहिलेले थोर शास्त्रज्ञ इब्न अल-हैसम यांनी छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांच्या 'किताब-अल-मनाज़िर' या ग्रंथाचे नाव तुम्ही ऐकले असेल.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकताना त्यांनी छायाचित्रणाची कला अवगत केली. मुंबईत एक विलायती चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतले, की असा चित्रपट आपणही काढायचा. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले. तेथून त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे.

कॅमेरा आला, पण पैसे संपले. चित्रपट म्हणजे काय हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडे कर्ज तरी कसे मागणार? फाळक्यांनी एक युक्ती केली. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा कुंडीसमोर पक्का बसवला. महिन्याहून अधिक काळ तो तेथून हलवला नाही. ठरावीक वेळाने ते थोडेथोडे चित्रण करीत गेले. कॅमेरा जरा जरी हलला असता, तरी पडद्यावर रोपटे इकडून तिकडे उड्या मारताना दिसले असते. सगळी चित्रे एकामागून एक पडद्यावर दाखवली, तेव्हा दाण्याला अंकुर फुटला, तो मातीतून वर आला आणि बघता बघता रोप वाढू लागले! 'अंकुराची वाढ' हा छोटासा चित्रपट त्यांनी निवडक लोकांना दाखवला. तो पाहून काहीजण कर्ज द्यायला तयार झाले. मूठभर वाटाण्यांनी मोठे काम केले.

तरीही पैसे पुरले नाहीत. तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे काम दादर येथे सुरू झाले. तयार चित्रपटशाळा कोठून असणार? राहते घर हीच चित्रपटशाळा झाली. त्या वेळी कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती अंधाऱ्या खोलीत यंत्राने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म कॅमेऱ्यात भरणे, रसायनात धुणे, हेही त्या शिकल्या. शिवाय काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता.

पण सर्वांत मोठा प्रश्न उजेडाचा होता. त्या काळच्या फिल्मला चित्र उमटण्यासाठी भरपूर प्रकाश लागे. प्रखर विजेचे दिवे त्यांच्याजवळ नव्हते. होता तो फक्त सूर्य. म्हणून चित्रण उघड्यावर होई. परंतु सूर्य डोक्यावर आला, की आणखी एक अडचण उभी राहते. कपाळ आणि नाक उजळते, पण डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. नटाचे डोळेच दिसले नाहीत, तर त्याचा राग आणि त्याचे दुःख प्रेक्षकांना कसे कळणार? मुका चित्रपट! त्यात बोलणे नाही, जे काही सांगायचे ते चेहऱ्यानेच.

येथे तोच परावर्तनाचा नियम कामी आला. नटांच्या समोर पांढरी चादर ताणून धरायची. ऊन चादरीवर पडते, चादर ते चेहऱ्याकडे परत पाठवते आणि सावली सौम्य होते. चादर थोडी कलली तरी उजेड दुसरीकडे जातो. म्हणून धरणाऱ्याने हात स्थिर ठेवायचे. सरस्वतीबाई तासन्‌तास भर उन्हात अशी चादर धरून उभ्या राहत.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. दादासाहेबांच्या नावाने भारत सरकार १९६९ पासून पुरस्कार देते, आणि ते योग्यच आहे. पण पडद्यावरचे चेहरे ज्या चादरीमुळे उजळले, ती धरणारे हात पडद्यावर दिसत नाहीत. उजेड देणारा चित्राच्या बाहेरच उभा असतो.

मित्रांनो, आज मोबाइलमध्येही कॅमेरा आला आहे. तरी लग्नसमारंभात फोटोग्राफरचा मदतनीस पांढरी छत्री उघडून उभा असतो. ती छत्री त्या चादरीचीच धाकटी बहीण आहे. तुम्हीही प्रयोग करून पाहा. आजीला खिडकीजवळ बसवा. चेहऱ्याची एक बाजू उजळेल, दुसरी काळोखी राहील. काळोख्या बाजूला धाकट्या भावाला पांढरी चादर धरायला सांगा. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा हसू लागतील. फोटो सर्वांना आवडला, तर आजीचे कौतुक करा, पण चादर धरणाऱ्या भावाचे नावही सांगायला विसरू नका.

शब्दार्थ
परावर्तन – उजेड आदळून परत येणे (इनइकास)
प्रतिमा – दिसणारे रूप (अक्स)
वाटाणा – एक कडधान्य (मटर)
अवगत करणे – शिकून घेणे
गहाण ठेवणे – कर्जासाठी वस्तू तारण देणे (रेहन रखना)
खोबण – खोलगट जागा
मनाने घेणे – मनात पक्के ठरणे
कामी येणे – उपयोगी पडणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थ काय?
(आ) फाळक्यांनी कुंडीत काय पेरले?
(इ) 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर कधी आला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) वाटाण्याचे चित्रण करताना कॅमेरा हलवून चालत नव्हते.
(आ) नटांसमोर पांढरी चादर धरावी लागे.

प्र. ३. 'उजेड देणारा चित्राच्या बाहेरच उभा असतो.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. तुमच्या घरातील किंवा शाळेतील अशा एका व्यक्तीविषयी पाच वाक्ये लिहा.

प्र. ४. उर्दूत 'तसवीर' स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'चित्र' नपुंसकलिंगी आहे. पुढील शब्दांचे मराठीतील लिंग ओळखा : उजेड, सावली, ऊन, चादर, रोपटे, डोळा.

उपक्रम : खोक्याला बारीक छिद्र पाडून समोरच्या बाजूला पातळ कागद लावा. अंगणातल्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर पाहा. खोके सूर्याकडे रोखू नका.