मूल हवे, मग काम करावे की नाही?

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातले गाव. जिल्हा जालना. इकडच्या बाईचा दिवस पहाटे सुरू होतो. पाणी, भाकरी, मग खुरपणी, नाही तर कापसाची वेचणी. लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, "कामाने गर्भ राहत नाही, पोरीला बसवून ठेवा." कोणी म्हणते, "बसून बसून अंगात चरबी धरली." आम्हांला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात.

बाईच्या पोटात दोन बीजकोश असतात. बहुधा दर महिन्याला त्यांतून एक बीज सुटते, पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषाचे बीज बाईच्या अंगात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, हेच गर्भ राहण्याचे दिवस.

बीज सोडण्याचा हुकूम मेंदूकडून निघतो. कष्ट फार आणि पोटात अन्न थोडे, असे महिनोन्‌महिने चालले, तर शरीर आधी आपला जीव सांभाळते. मेंदूचा हुकूम मंदावतो. पाळी लांबते, कधी बंदच होते. नुसत्या कामाला दोष देऊ नये. उपाशीपोटी कामाने घात होतो. सगळ्यांना वाढून उरेल ते खाणारी सून घरोघर दिसते. आम्हांला तिचीच काळजी जास्त. तिने वेचणीला जाताना भाकरी, वरण, मूठभर शेंगदाणे खाऊन निघावे. सासूबाईंनीच तिला ताटावर बसवावे, म्हणजे ती लाजणार नाही.

अंग जड असेल आणि पाळी मागेपुढे होत असेल, तर रोज अर्धा तास भरभर चालावे. वजन थोडे उतरले तरी पुष्कळदा पाळी वळणावर येते. डेन्मार्क देशात साडेतीन हजारांवर बायकांची पाहणी झाली. ती 2012 साली छापून आली. बेताचा व्यायाम करणाऱ्यांना दिवस थोडे लवकर राहिले. फार जोराचा व्यायाम करणाऱ्या सडपातळ बायकांना मात्र उशीर लागला. तिकडचा व्यायाम हौसेचा, इकडचे कष्ट पोटासाठी. पण शरीराची रीत तीच.

वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावे. बाईचे वय 35 च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच जावे. पाळीच बंद असेल, तर मुळीच थांबू नये. नवऱ्यानेही बरोबर जावे. दोष पुष्कळदा पुरुषाच्या बीजात असतो, आणि बोल बाईला लागतो. पुरुषाची तपासणी सोपी असते. तिला सुई लागत नाही की चिरफाड. ती सुरुवातीलाच करून घ्यावी.