कोहळ्याचे पानगे : रात्रीचं प्रॅक्टिकल, सकाळचा नाश्ता

दिवाळीच्या सुट्टीत आपलं निम्मं हॉस्टेल मंडईला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात. इकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि तिकडे आरमोरी, वडसा, कुरखेडा. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, हे पोरांना परीक्षेच्या टाइमटेबलपेक्षा जास्त पाठ असतं. मंडई म्हटलं की पाहुणे आले आणि पाहुणे म्हटलं की रात्रीचं नाटक आलं. वडशाच्या कंपन्यांचं नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा कोंबडं आरवायच्या बेतात असतं. बाहेरगावच्या मित्रांनी ही गावातली किरकोळ करमणूक समजू नये. याच झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या घरी नाटकाचा शेवटचा अंक फक्त माणसं बघतात. आई आणि काकू तिसऱ्या अंकातच उठतात, कारण पहाटे पंधरा पाहुणे डोळे चोळत घरी येणार आणि त्यांना चहासोबत काहीतरी गरम लागणार. मग चूल पेटवा, कांदे चिरा, पोहे भिजवा. खलनायकाचं पुढं काय झालं हे आईला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना दुसऱ्याच्या तोंडून कळतं. शिवाय हेच दिवस धान कापणीचे. हलकं धान दिवाळीच्या आगेमागे निघतं, भारी धान त्यानंतर. म्हणजे मंडई नसली तरी पहाटेची घाई आहेच.

उपाय एकच. नाश्ता आदल्या संध्याकाळी तयार पाहिजे. पण काय करायचं? पोहे रात्री करून ठेवले तर सकाळी रबर. उपमा थापीनं कापावा लागतो. चिवडा-चकल्या आठवडाभर खाऊन पाहुणे कंटाळलेले. मला विचाराल तर या कामाला एकच पदार्थ लायक आहे. तो म्हणजे कोहळ्याचा पानगा.

पानगा म्हटलं की विदर्भात बहुतेकांच्या डोळ्यांपुढं कणकेचे पानगे आणि वांग्याची भाजी येते. कोकणातली पानगी वेगळी, ती तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानात, तव्यावरची. मी सांगतोय तो आमच्या आजीचा प्रकार : कोहळं, गूळ आणि तांदळाचं पीठ, पळसाच्या पानात, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला. (पुण्या-मुंबईचे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्यालाच आपण कोहळं म्हणतो. मेसच्या भाजीवरून त्याच्याबद्दल मत बनवू नका.) ओव्हन नसलेल्या घरातला हा केकच आहे, फक्त त्याला अंडं लागत नाही आणि तो रात्रभर टोपलीत राहिला तरी तक्रार करत नाही.

अठरा-वीस पानग्यांना एक किलो किसलेलं कोहळं, चारशे ग्रॅम गूळ, अर्धा किलो तांदळाचं पीठ, पाव किलो जाडसर कणीक, चार मोठे चमचे तूप, सुंठ, जायफळ, चिमूट-दोन चिमूट मीठ आणि मूठभर तीळ लागतात. पीठ कणीचं असलं तरी चालतं. अख्खा तांदूळ दळायला कोण देतो? आमच्याकडे एचएमटीची कणी असते. हे वाण आपल्याच जिल्ह्यातलं, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून तयार केलेलं. नाव दिलं त्या काळच्या मनगटी घड्याळाचं. दादाजी २०१८ मध्ये गेले. आपल्या कॉलेजात ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ शिकताना त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथं घेतलं.

आता कृती. कोहळ्याचा कीस तुपावर परता, गूळ घाला, पाणी अजिबात नको. कोहळ्यात दहातले नऊ भाग पाणीच असतं. गूळ विरघळून मिश्रण खदखदायला लागलं आणि वाफ जाऊन जरा घट्ट झालं की मीठ, सुंठ, जायफळ टाका आणि कढत असतानाच तांदळाचं पीठ घालून उलथण्यानं जोरात हलवा, झाकण ठेवून चूल मंद करा. पाच मिनिटांनी उतरवा. कणीक मात्र मिश्रण हाताला सोसेल इतकं निवल्यावर, तिळासोबत मळून घ्यायची. गोळा थालीपिठापेक्षा जरा घट्ट झाला पाहिजे. सैल वाटला तर मूठभर पीठ आणखी.

मागच्या दिवाळीत मी चुलीपाशी वही घेऊन बसलो तेव्हा आजी म्हणाली, “काऊन रे, इथं तुले का काम? इंजिनेर होऊन राहिला न तू?” मी विचारलं, तांदळाचं पीठ कढतच का टाकायचं? उत्तर आलं, “थंड्यात टाकलं त सकाळी खापर होते, बापा.” एवढ्यात सगळं आलं. तांदळात ग्लुटेन नाही, म्हणजे गव्हासारखा ताणला जाणारा सांगाडा नाही. त्याला धरून ठेवायचं काम स्टार्चनंच करायचं आणि स्टार्चचे कण साधारण ७० अंशांच्या आसपास, पुरेसं पाणी मिळालं तरच फुगतात. भाजताना पानग्याचा वरचा भाग लवकर सुकतो, तिथल्या कणांना पाणी पुरत नाही. म्हणून ते आधीच उकडीत फुगवून घ्यायचे. मोदकाची उकड काढतात ती याच कारणानं.

पानं पळसाची. पळसाला पानं तीनच, पण त्यातलं मधलं मोठं असतं, ते घ्या. या दिवसांत पानं जून आणि जाड झालेली असतात, आपल्याला तशीच हवीत. आणि एक गोष्ट गंमत म्हणून सांगत नाही : पानं दुपारी, शेताच्या बांधावरच्या पळसाची, दोघं-तिघं मिळून आणा. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांतली पोरं हे जाणतात, शहरातून आलेला मित्र जाणत नाही. नाश्त्यासाठी पहाटे किंवा कातरवेळी एकट्यानं जंगलात शिरायचं काहीएक कारण नाही. पानं धुवा, पुसा, आतून तुपाचा हात फिरवा. एका पानावर गोळा थापा, वरून दुसरं पान, कडेला हिराची काडी टोचा.

थापायचा किती जाड? इथं आपला हीट ट्रान्सफरचा पेपर कामाला येतो. उष्णता ओल्या पिठात किती वेगानं शिरते ते त्याच्या थर्मल डिफ्युजिविटीवर ठरतं. पाण्याची सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर, आपल्या गोळ्याची ०.१२ धरा. दोन्ही बाजूंनी तापणारा पानगा २ सेंमी जाड असेल तर उष्णतेला मध्यापर्यंत १० मिलिमीटर जायचं आहे. अंतराचा वर्ग भागिले ०.१२ : साधारण ८३० सेकंद, म्हणजे चौदा मिनिटं. आता कुणी उदारपणानं ४ सेंमी जाड थापला तर? अंतर दुप्पट, वेळ चौपट, जवळजवळ पाऊण तास वर. तोपर्यंत बाहेरचा कोळसा. फोरियरनं १८२२ मध्ये उष्णतेवरचा आपला ग्रंथ छापला आणि एम-थ्रीमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पोरांना रडवलं, पण पानग्याच्या जाडीबाबत तो आणि आजी दोघांचं एकमत आहे. “बोटाच्या दोन पेरांपेक्षा कमी,” आजी म्हणते. मी मोजलं, तिची पेरं धरून तीन सेंमी. म्हणजे दोन ठेवा.

भाजायला पसरट लोखंडी कढई, तिच्यावर बसेल असा तवा आणि गोवऱ्यांचे निखारे. ज्वाळ नको. निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आला की कढई ठेवा, तळाला दोन-तीन जादा पानं अंथरा, पाच पानगे मांडा, वर तवा, तव्यावरही निखारे. वर जास्त, खाली कमी, हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण खालचा पानगा तापलेल्या लोखंडाला जवळजवळ टेकलेला आहे आणि वरच्याला मधल्या हवेतून येणाऱ्या उष्णतेवरच भागवायचं आहे. राख झटकू नका. ती निखाऱ्याला हवा कमी देते, त्यामुळं तो हळूहळू आणि जास्त वेळ जळतो. वीस मिनिटांत एक घाणा उतरतो, चार घाण्यांना दीड तास धरा. सहाला सुरू केलं तर साडेआठपर्यंत सगळं आटोपतं आणि जेवून नाटकाला जायला वेळ उरतो.

पान का? नुसतं चिकटू नये म्हणून नाही. ओलं आहे तोवर पान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, कागदाच्या द्रोणात पाणी उकळतं पण कागद जळत नाही तसं. म्हणून पहिली दहा मिनिटं पानगा वाफेत शिजतो, मग पान वाळतं, करपायला लागतं आणि तेव्हा कुठं वरच्या कवचावर खमंग तपकिरी रंग चढतो. हा रंग, हा वास १४० अंशांच्या पुढं झपाट्यानं येतो, तोही ओल गेल्यावरच. एकाच भांड्यात आधी स्टीमर, नंतर ओव्हन! पळसाचा म्हणून जो वास लागतो तो वेगळाच.

ज्यांच्या घरी चूल नाही त्यांच्यासाठी जुना कुकर आहे. शिट्टी आणि रबर काढा, तळाला दोन बोटं कोरडी वाळू, वर जाळी, दहा मिनिटं तापवून मग थाळीत पानगे, मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. पळस मिळाला नाही तर केळीचं पान. हॉस्टेलच्या खोलीत हीटरवर हा प्रयोग करू नये, असं लिहायला मला सांगण्यात आलेलं नाही, पण लिहितो.

खरी परीक्षा भाजल्यानंतर. पानगा गरम असताना डब्यात बंद केला की आतली वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत त्याच्यावरच पडते, सकाळी वरून चिकट आणि बुरशीला आमंत्रण. पानासकट सुपात पसरा, पुरते गार होऊ द्या, मग बांबूच्या टोपलीत कोरड्या कापडाखाली. गुळाला मुंग्या लागतात, म्हणून टोपली पाणी भरलेल्या परातीत वाटीवर ठेवा किंवा शिंक्यात टांगा. शिजलेल्या भातात-पिठात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत आणि त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. गूळ, भाजलेलं कोरडं कवच आणि दिवाळीनंतरच्या थंड रात्री आपल्या बाजूनं आहेत, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. तिखट पानगे करायचे तर सांबार, मिरची, ओवा चालेल, पण कच्चा कांदा घालून रात्रभर ठेवू नका.

फ्रिज असला तरी त्यात ठेवू नका. शिळी पोळी, शिळा ब्रेड वाळून कडक होतो असं आपण समजतो. फ्रान्सच्या बुसेंगोनं १८५२ मध्ये दाखवलं की पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतोच आणि गरम केला की पुन्हा मऊ पडतो. फुगलेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड होताना पुन्हा एकमेकींना बिलगून स्फटिक बनवतात, हे त्याचं कारण पुढं कळलं. आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानालाच सगळ्यात जोरात होते! टोपलीतला पानगा म्हणूनच बरा. कोहळ्याचा गर आणि गूळ पाणी धरून ठेवतात, तूप साखळ्यांच्या मध्ये येतं, त्यामुळं नुसत्या तांदळाच्या भाकरीपेक्षा हा कितीतरी उशिरा कडक होतो.

पहाटे करायचं उरतं ते एवढंच : तव्यावर पानासकट पानगे ठेवा, पाण्याचा हबका मारा, झाकण घाला, बाजूला चहा ठेवा. चहाला उकळी येईपर्यंत पानगे आतून साठ अंशांच्या पुढं गेलेले असतात आणि रात्री झालेले बरेचसे स्फटिक वितळलेले असतात. अगदी कालच्याइतके मऊ होणार नाहीत, खोटं कशाला सांगू, पण वर तूप सोडलं की पाहुण्यांना फरक कळत नाही. हे काम घरातला कोणताही पोरगा नाटकावरून आल्यावर अर्ध्या झोपेत करू शकतो आणि त्यानंच करावं. मागच्या मंडईला आमच्याकडे मी आणि चुलतभावानं केलं. आई आणि काकू पडदा पडेपर्यंत बसल्या, आणि घरी येताना नायिकेच्या भावावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं.

पाहुणे वीसच्या वर असतील तर माप दुप्पट करा, कढई दोन लावा, जाडी मात्र तीच. उरलेले पानगे दुपारी आडवे कापून तुपावर खरपूस भाजा, सोबत दही घ्या. करपलेली पानं गोठ्यात टाकली तर गुळाच्या वासानं गाय आधी तीच शोधते.