संगणकावरची नक्षी आणि कारागिराचे माप

आखाडा बाळापूरच्या एखाद्या सुताराचा किंवा विणकराचा मुलगा कला महाविद्यालयात जायचे म्हणाला, की घरात एकच प्रश्न निघतो : यातून पोट भरेल काय? आता अशा महाविद्यालयांतून संगणकावर नक्षी व वस्तूंचे आराखडे काढावयास शिकवितात. ही विद्या घरच्या हुनराला जोडली तर धंद्याला बळ येईल. तोडली तर मालाची नासाडी होईल. कसे, ते आपण हिशेबाने पाहू.

विद्या अनोळखी नाही

औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू कापड आपणांस ठाऊक आहे. अशा विणकामात नक्षी आधी चौकटीच्या कागदावर मांडतात. एक चौकट म्हणजे एक धागा. फ्रान्समध्ये १८०४ साली जॅकार्डने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर नक्षी उतरे. संगणकही दोनच खुणांवर चालतो. पुढे १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी पडद्यावर रेघा काढणारी 'स्केचपॅड' ही योजना मांडली आणि १९८२ साली 'ऑटोकॅड' बाजारात आले. तेव्हा विणकराच्या मुलाने या यंत्राला बिचकण्याचे कारण नाही.

गोल बुट्टीचा हिशेब

समजा, कापडात इंचाला ६० उभे व ४८ आडवे धागे आहेत आणि २ इंचांची गोल बुट्टी हवी आहे. विद्यार्थी पडद्यावर १२० चौकटी रुंद व १२० चौकटी उंच असा सुरेख गोल काढतो. विणल्यावर रुंदी भरते २ इंच, पण उंची १२० भागिले ४८ म्हणजे अडीच इंच. बुट्टी अंड्यासारखी लांबट झाली! उंचीला ९६ चौकटीच घ्यावयास हव्या होत्या. मग पडद्यावर ती चपटी दिसेल, पण कापडावर गोल येईल. ही गोष्ट मागावर बसलेल्या उस्तादाला न सांगता कळते. पडद्यापुढे बसलेल्या मुलाला ती शिकवावी लागते.

लाकडाचा हिशेब

२४०० मिलिमीटरच्या फळीत ६०० चे चार तुकडे पडद्यावर बरोबर बसतात. पण करवतीचा काप ३ मिलिमीटरचा असेल तर तीन कापांत ९ मिलिमीटर भुसा होतो आणि शेवटचा तुकडा ५९१ चा निघतो. तसेच, कोरीव कामाच्या यंत्राचे फिरते पाते ६ मिलिमीटरचे असेल तर आतला कोपरा काटकोनी येत नाही; तेथे ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. चौकोनी सांधा त्यात बसत नाही. सुतार पटाशीने कोपरा साफ करील, पण ती मजुरी आधी धरली होती काय?

शिकण्याचा क्रम

आमचे मत असे, की आधी हात, मग संगणक आणि पुन्हा हात. शाळेत असतानाच मुलाला कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसवावे. महाविद्यालयात त्याने पहिला नमुना हाताने करावा, मग तो संगणकावर मांडावा, त्याप्रमाणे वस्तू करून मोजावी आणि चूक आराखड्यात दुरुस्त करावी. नुसत्या छापील चित्रावर गुण देणे पुरेसे नाही. मुंबईचे सर जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झाले तेव्हा त्याच्या नावातच कलेबरोबर उद्योग होता, हे शिक्षकांनी विसरू नये. सरावासाठी महागडी प्रणाली घ्यावयास नको. 'इंकस्केप' व 'फ्रीकॅड' विनामूल्य मिळतात.

बापाचे काम

कारागीर बंधूंनो, मोठ्या कामाचा गिऱ्हाईक आता मापासहित आराखडा आधी मागतो. तो देता आला नाही, तर हात कितीही चांगला असो, काम दुसरीकडे जाते आणि आपण त्याच कामावर मजूर म्हणून उभे राहतो. म्हणून मुलगा सुटीत घरी आला की त्याला तासभर कारखान्यात बसवा. कोणते लाकूड किती आकसते, कोणता धागा किती ताण सोसतो, कोणत्या कापात किती माल जातो, हे तुम्ही सांगा व त्याला वहीत लिहू द्या. तुमच्या डोक्यातले माप वहीत उतरले तरच ते पडद्यावर जाईल. नाही तर ते तुमच्याबरोबरच संपेल आणि मुलाच्या हाती फक्त सुरेख चित्र राहील.