पहिली टाकी घेताय? मासे त्याच दिवशी आणू नका

गोल बाउल घेऊ नका. दुकानात सर्वांत स्वस्त तोच दिसतो, पण त्यात पाणी जेमतेम पाच-सहा लिटर. ते दोन दिवसांत खराब होतं. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी बरी. पाणी साधारण 50 लिटर. काच-वाळू धरून वजन 70 किलोच्या आसपास. टीपॉयवर ठेवायचा विचार सोडा. उन्हाची खिडकीही नको, शेवाळ धरतं.

टाकी, दिव्याचं झाकण, आतला फिल्टर, वाळू, अँटी-क्लोरीन आणि जाळी धरून साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपये. दुकानदार सांगतो तो भाव बहुतेकदा नुसत्या काचेचा असतो. स्टँड आणि घरपोच आणण्याचे पैसे वेगळे, तेव्हा ते आधीच विचारा. मुंबईत हीटरवाचून सहसा भागतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत 50 वॉटचा लागतो. फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचा. पाच वॉटचा असेल तर महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत, त्यामुळे रात्री बंद करून काही वाचत नाही, उलट पाणी बिघडतं.

कागदपत्रं काही लागत नाहीत, पण पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच. कोणी तारा कासव दाखवलं तर हात लावू नका. 1972च्या वन्यजीव कायद्याने ते पाळायला बंदी आहे.

आता मुख्य गोष्ट. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांच्या विष्ठेतला अमोनिया त्यांनाच मारतो. ‘आजच घेऊन जा, काही होत नाही’ हे विकणाऱ्याचं बोलणं. मेलेल्या माशांच्या जागी नवे तुम्ही त्याच्याकडूनच घेणार ना! कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणा. काम लवकर होतं आणि फुकट होतं.

मग चार-पाच गप्पी, सगळे नर. जोडी घेतलीत तर महिन्याभरात पिल्लं. गोल्डफिश या टाकीत नको. ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकरही नको, तो फूटभर वाढतो.

दर आठवड्याला पाव पाणी बदला. गणपतीला चार दिवस गावी जाणार असाल तर मोठ्या माशांना उपाशी ठेवलं तरी चालतं. खाण्याचा डबा मात्र शेजाऱ्यांकडे देऊन जाऊ नका, प्रेमापोटी ते अर्धा ओततात.