अनोळखी महापुष्पाची ओळख

गोंदिया जिल्ह्यातील रानांत मोहाच्या फांदीवर वाढलेले बांडगूळ वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते मोहाचे पाणी चोरते खरे. परंतु त्याची पाने हिरवी असल्यामुळे अन्न मात्र स्वतः तयार करते. कुंपणावरील पिवळी अमरवेल त्याच्याही पुढे गेलेली. तिला पानेच नाहीत. तथापि या दोहोंची ओळख पटविणे कठीण नाही, कारण त्यांचे शरीर डोळ्यांस दिसते. ज्या वनस्पतीस मूळ, खोड व पान यांपैकी काहीच नाही, ती कशी ओळखावी?

१८१८ च्या मे महिन्यात सुमात्रा बेटात डॉ. जोसेफ आर्नॉल्ड यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. सर स्टॅम्फर्ड रॅफल्स यांच्या समवेत ते प्रवासात असता एक मलायी नोकर धावत आला व त्याने त्यांना झुडपांत जमिनीलगत उमललेले एक फूल दाखविले. त्याची रुंदी सुमारे एक यार्ड व वजन १५ पौंड भरले! सडक्या मांसासारखा वास येत होता आणि माश्या घोंगावत होत्या. त्याच वर्षी जुलैत आर्नॉल्ड तापाने वारले. फुलास नाव मिळालेले त्यांनी पाहिले नाही. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० साली लंडनच्या लिनीयन सोसायटीपुढे त्याचे वर्णन वाचले व त्यास 'रॅफ्लेशिया आर्नॉल्डी' हे नाव मिळाले. त्या मलायी नोकराचे नाव मात्र त्यात कोठेच नाही.

या वनस्पतीचे शरीर म्हणजे द्राक्षकुळातील एका रानवेलीच्या आत पसरलेले बारीक तंतू. बाहेर येते ते केवळ फूल, आणि तेही काही दिवसांतच काळे पडते. म्हणून निरीक्षकाने प्रथम दले मोजावी. पाच असल्यास रॅफ्लेशिया. दहा असल्यास सॅप्रिया, जी ग्रिफिथ यांस १८३६ साली मिश्मी टेकड्यांत आढळली व आजही अरुणाचल प्रदेशात उगवते. नंतर दलांवरील ठिपके, मधल्या पडद्याचे छिद्र व आतील चकतीवरील काटे टिपून घ्यावे. जातीजातींतील भेद तेथेच असतो.

कुळाचा प्रश्न त्याहून बिकट होता. अलीकडे जनुके तपासली, तर त्यांतील काही द्राक्षकुळाकडे बोट दाखवू लागली! चोराच्या घरी सापडलेल्या तांब्यावर मूळ धन्याचे नाव कोरलेले असावे, तसाच हा प्रकार. ती जनुके आश्रयदात्या वेलीकडूनच आलेली होती. शेवटी २००७ साली ठरले की, हे प्रचंड फूल एरंडाच्या गोतातले.

आपल्याकडे पहिल्या पावसात उघड्या जमिनीतून मोठे, दुर्गंधी फूल वर आलेले दिसले, तर तो बहुधा सुरणाचा फुलोरा असावा. तेव्हा माती हलकेच उकरून पाहावी. खाली त्याचा स्वतःचा कंद निघाला, तर त्यावर परोपजीवीपणाचा आरोप करू नये.