तीन बोटं जाईनात तेव्हा

मध्य प्रदेशातल्या आमच्या गंधवानी गावात तंबाखू कुणी लपवून खात नाही. हाटाच्या दिवशी बाया-बापे बिडी ओढत निवांत बसलेले दिसतात. आमचं घराणं मूळचं धारचं, तिथल्या पवार राजांच्या चाकरीतलं. आजोबा मास्तरकीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची चंची देवघराबाहेरच्या खुंटीला असे. दारूला घरात थारा नाही, तंबाखूचं मात्र कुणाला काही वाटत नाही. ‘पिऊन तर येत नाही ना’, एवढ्यावर आई-बाबा निश्चिंत. त्यामुळे इकडची पोरं इंदूरला जाऊन बिघडतात, हे मला कधी पटलं नाही. तंबाखू आम्ही घरी पाहिलेलीच असते. हॉस्टेलवर तिला फक्त वेळ आणि सोबत मिळते.

मध्य प्रदेशने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केला, देशात सगळ्यांत आधी. मी कॉलेजात गेलो तो त्यानंतर. गुमटीवर गुटखा नव्हताच. होत्या त्या दोन पुड्या: एक पान मसाल्याची, दुसरी इवलीशी, जर्द्याची. मोठीचा कोपरा दाताने फाडायचा, लहान तिच्यात रिकामी करायची, तोंड चिमटीत धरून हलवायची आणि गालात सोडायची. बंदी कागदावर, गुटखा गालात. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा २००३ चा कायदा आहे. आमच्याकडे ते अंतर मोजायला कुणी टेप घेऊन आलेलं मी पाहिलं नाही.

मला पहिली पुडी मिळाली ती जर्द्याशिवाय. ‘सादी है भिया, कुछ नहीं होता,’ असं म्हणून एका सीनियरने हातावर ओतली. रात्री जागून अभ्यास करायचा, बाराला चहा, चहावर पुडी. पुढे सादीची जर्देवाली झाली, आणि चहा नसला तरी पुडी लागू लागली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेसची साधी डाळ तोंडात झोंबायला लागली. लहानपणापासून दाल-पानिये आणि लसणाच्या लाल चटणीवर वाढलेला मी, भाजीत दही कालवून जेवू लागलो. वाटलं, पित्त असेल. मग कचोरी. इंदूरची फुगलेली कचोरी आडवी दाताखाली येईना, तोडून तोडून खावी लागे. मित्र हसायचे, मीही हसायचो. दातांच्या डॉक्टरांनी मात्र काही विचारायच्या आधीच सांगितलं, ‘तीन बोटं उभी धरून तोंडात घाला.’ दोनच गेली.

याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली कातडी पांढरी, चिवट होत जाते आणि जबडा आवळतो. मुळाशी असते सुपारी. जर्दा त्यात भर घालतो, पण नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. म्हणजे ‘सादी’ पुडी ही सुरुवातीची बिनधोक पायरी नव्हतीच. आवळलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं. व्यायामाने, इंजेक्शनांनी थोडं मोकळं होतं, वाढ रोखता येते. पुढे कर्करोगाची धास्ती राहते म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. माझ्या चालू आहेत.

म्हणून तुम्ही खात असाल तर आज आरशासमोर उभे राहा आणि स्वतःची तीन बोटं घालून पाहा. जात नसतील, किंवा तिखट विनाकारण झोंबत असेल, तर सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा. आणि जातात म्हणून खुशाल खाऊही नका. झोंबणं बऱ्याचदा आधी सुरू होतं.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट. चिडचिड, पोट साफ न होणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. तेव्हा पेपरच्या आदल्या दिवशी सोडायचा निश्चय करू नका, पण ‘परीक्षा संपल्यावर’ हे उत्तरही नको, कारण परीक्षा संपतच नाहीत. सुट्टीला घरी जाताना सोडणं मला सोपं गेलं. तिथे रात्री बाराचा चहा नसतो. चंची असते, ती खुंटीवरून काढून ठेवायला आजोबांना सांगावं लागलं. ते कुरकुरले, पण ठेवली.

पुडी सोडून गोड सुपारीवर येणारे पुष्कळ. लग्नाच्या पंगतीनंतर ताटात फिरते ती रंगीत सुगंधी सुपारीही सुपारीच. चघळायला हवंच असेल तर भाजलेली बडीशेप घ्या, पुडी फोडून आत सुपारीचे तुकडे नाहीत ना हे बघून.

औषधाच्या दुकानात निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं गम मिळतं. ते च्युइंगमसारखं चावत सुटायचं नाही: थोडं चावायचं, चुणचुण सुरू झाली की गालाशी दाबून ठेवायचं, ओसरली की पुन्हा. त्याआधी पाव तास चहा-कॉफी नको. माझ्यासारखा जबडा आवळला असेल तर चावणंच त्रासाचं होतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट लागतो. तो जर्द्याच्या पुडीवरच छापलेला असतो, सडलेल्या तोंडाच्या फोटोजवळ, जिथे आपण बघायचं टाळतो. हिंदीत बोलतात, गाव विचारलं तर गंधवानी सांगायला हरकत नाही. घरी कुणी फोन करत नाही.