‘वेताळ’ : चित्रकथा, भाषांतर आणि चित्रपट

ली फॉक यांची ‘फँटम’ ही गुन्हेगारांचे पारिपत्य करणाऱ्या मुखवटाधारी नायकाची चित्रकथा १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली. मुंबईहून १९६४ पासून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मालिकेतून ती मराठीत आली, तेव्हा नायकाचे नाव ‘वेताळ’ झाले.

हे केवळ शब्दांतर नव्हे. ‘फँटम’ म्हणजे भास, छाया. वेताळ हा भुतांचा अधिपती, शिवाय कोकण-गोव्यात गावाचा राखणदार. रात्रीच्या गस्तीत त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भक्त त्याला नव्या वहाणा अर्पण करतात. पित्यामागून पुत्राने मुखवटा धारण करावयाचा आणि लोकांनी त्याला अमर मानावयाचे, या कथासूत्राला मराठीत अशा रीतीने लोकदैवताचा आधार लाभला.

सायमन विन्सर यांच्या १९९६ च्या चित्रपटात हे सूत्र कायम आहे. परंतु तेथे दिवंगत पित्याची छाया नायकाशी बोलते. अमरत्व हा कुळाचा वारसा ठरतो, गावाची श्रद्धा नव्हे.

म्हणूनच चित्रपटाची तुलना केवळ इंग्रजी चित्रकथेशी करणारा अभ्यास अपुरा होय. मराठी वाचकाच्या दृष्टीने भाषांतर हीच मूळ संहिता आहे.